घरच्यांसाठी सूचना

खट्, असा आवाज झाला आणि संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हनं आपला ट्रे जीभ दाखवल्यासारखा बाहेर काढला. दुपारचे अडीच वाजले होते. पडदे ओढलेले होते, आतल्या खोलीत भुंगी झोपली होती आणि घरात इतकी शांतता होती, की एवढ्याशा आवाजानं संगणकासमोर बसलेली तिची आई दचकली. स्क्रीनकडे बघायच्या आधी तिनं दाराकडे बघितलं. चादरीची सळसळ, एक पाय गादीवर आपटल्याचा धप्प, आणि मग पुन्हा त्या लहानशा नाकाचा संथ श्वास. वाचलो. चार वर्षांच्या मुलीची दुपारची झोप म्हणजे दीड तास, फार तर पावणेदोन. सगळा संसार त्या दीड तासाच्या काठाकाठानं चालायचा. तिची कामं, तिचे फोन, तिचं गार झालेलं दूध आणि तिचा स्वतःशी होणारा संवादसुद्धा. मग तिनं स्क्रीनकडे पाहिलं. डिस्क कोरी आहे, असं संगणकाचं म्हणणं होतं.

कोरी? तिला हसू आलं. बाबांच्या घरात रिकाम्या डब्यावरसुद्धा 'रिकामा' अशी चिठ्ठी असायची. डिस्क कोरी असती तर तिच्यावर 'कोरी' असं लिहिलेलं असतं, तारखेसकट. या चौदाव्या डिस्कवर त्यांच्या उभट, एकही अक्षर दुसऱ्याला खेटणार नाही अशा हस्ताक्षरात लिहिलं होतं, 'घरच्यांसाठी सूचना'. तिनं डिस्क कडेनं धरून उचलली, पडद्याची फट जरा रुंद केली आणि उजेडात तिरकी धरली. चकचकीत पाठीवर मधल्या भोकापासून निघून अर्ध्याच्या बरंच पुढे गेलेला एक काळसर पट्टा होता, आणि त्याच्या बाहेरचा भाग जरा फिकट. लिहिलेली जागा आणि न लिहिलेली जागा. यंत्राला दिसत नसेल, तिला दिसत होतं. बारा वर्षं दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची बारशी, दुसऱ्यांच्या कंपन्यांचे वर्धापनदिन कापून जोडून दिले होते तिनं. एवढं न कळायला ती काय काल आली होती या धंद्यात? झालं होतं ते साधं होतं. बाबांच्या त्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरवर डिस्क भरून झाली, की शेवटी त्याला सांगावं लागतं, बाबा रे, झालं, आता मिटव. त्याला म्हणायचं फायनलाइज करणं. ते केलं नाही तर डिस्क फक्त त्याच यंत्राला वाचता येते, ज्यानं ती लिहिली. बाकी सगळ्या जगाला ती कोरी.

आधीच्या तेरा डिस्कांना काही त्रास झाला नव्हता. आत घालायची, तिच्यातल्या मोठमोठ्या फाइली उचलायच्या, संगणकात उतरवायच्या, तुकडे ओळीनं लावायचे. एकेका डिस्कला वीस मिनिटं. तेवढ्यात भांडी होत, नाहीतर भुंगीचे मोजे जोडीनं लावून होत. तेरा डिस्कांमधून एकवीस तासांचं चित्रण निघालं, आणि त्या एकवीस तासांत बाबांचा आवाज निघाला अकरा मिनिटं. तिनं ती अकरा मिनिटं वेगळी काढून एका ओळीत लावली होती. 'हलू नका.' 'हास.' 'इकडे, इकडे बघ.' 'तू जरा मागे.' 'अगं, डोकं.' 'थांबा, ते कुत्रं भुंकतंय.' सगळ्या घराचं बालपण आणि म्हातारपण कॅमेऱ्यात भरून घेणारा हा माणूस स्वतः बोलायचा म्हणून नाही. चित्रीकरण चालू असताना बोलू नये, हा त्यांचा नियम. तो त्यांना कुणी शिकवला होता देव जाणे. आणि रुग्णालयातल्या बाईंना हवा होता अर्धा तास.

त्या बाई आवाज गेलेल्या माणसांना बोलायला शिकवायच्या. गळ्याला एक लहानसं यंत्र लावून, किंवा पाटीवर लिहून, किंवा आता हे नवीन आलं होतं तसं. "अर्धा तास तरी हवा," त्या म्हणाल्या होत्या, "पूर्ण वाक्यं, नेहमीच्या बोलण्यातली, मागे गोंगाट नको. आजारपणाच्या आधीचा आवाज हवा. तेवढं मिळालं तर यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. ते लिहितील, ते वाचेल." बाबा शेजारीच बसले होते, गळ्यावरच्या भोकापुढे पांढरा रुमाल बांधून. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिनं मात्र क्षणाचाही विचार न करता "मिळेल की," म्हणून टाकलं होतं. ज्या मुलीच्या घरात तीन मायक्रोफोन आहेत तिला अर्धा तास आवाज मिळणार नाही? आणि हे म्हणताना आपण मुद्दामच जरा जोरात बोललो, हे तिचं तिलाच कळलं होतं. कारण ते मायक्रोफोन तीन वर्षांपूर्वीही तिच्या घरात होते. त्याच बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, शस्त्रक्रियेच्या आधी आवाज भरून घ्या, बसलेला असला तरी चालेल, काहीतरी तर राहील. सोमवारी जाऊ, असं तिनं ठरवलं. भुंगी वर्षाची होती, ताप होता, चार रात्री कुणी झोपलं नव्हतं. सोमवारी नक्की. शनिवारी रुग्णालयातून फोन आला की रविवारी सकाळी शस्त्रक्रियेसाठी जागा आहे, लगेच या. सोमवारी ती मायक्रोफोनची पिशवी भरलेलीच होती तशी खांद्यावरून उतरवून कपाटात ठेवत होती, तेव्हा नवरा म्हणाला होता, "तू काय कमी केलंस? ताप होता पोरीला." बरोबर होतं त्याचं. ताप होता. पिशवीच्या पट्ट्याचा वळ खांद्यावर दिसत होता, एवढंच.

आणि खरा आवाज तर त्याही आधी वर्षभर गेलेला. फोनवरच्या भुंगीच्या सगळ्या चित्रफितींत मागे असते ती नुसती घरघर, कोरडा कागद चुरगाळल्यासारखी. भुंगी हे नावही त्यांनी त्या घरघरीतच ठेवलं, कारण पोरगी दूध पिताना गुणगुणायची. भुंगीनं आजोबांचा आवाज ऐकलेलाच नाही. तिचे आजोबा म्हणजे टेबलावर बोटानं एकदा टक् म्हणजे हो, दोनदा टक्टक् म्हणजे नाही, आणि दोघांत मिळून एक पाटी, जिच्यावर ती मांजर काढते आणि ते त्याच मांजराखाली 'औषध घेतलं' असं लिहितात. तिला यात काही कमी आहे असं वाटत नाही. भुंगीच्या आईला मात्र आठवतो तो आवाज, कानात नाही, पोटात. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते राहत होते त्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली, की शाळेतून आलेली ती तळमजल्यावर दप्तर घेऊन उभी राही, आणि त्या अंधाऱ्या उभ्या पोकळीतून, तारांच्या आणि वंगणाच्या वासातून, कुठूनतरी वरून तो आवाज खाली यायचा. 'वर सोड. हळू. थांब. थांब म्हटलं ना.' वरच्या मजल्यावरच्या मदतनिसासाठी होतं ते, पण तिला वाटायचं इमारतच बोलतेय. ती दाराच्या जाळीला कान लावायची. लोखंड गार असायचं आणि त्या गार लोखंडात तो आवाज थरथरायचा. मग जिन्यावरून उतरून आलेला घामाघूम माणूस "काय गं, आज लवकर?" म्हणायचा आणि तो अगदी साधा, माणसाएवढा आवाज असायचा. इमारत आणि हा माणूस एकच आहेत, हे आपल्याला माहिती आहे आणि त्या दोघांना ठाऊक नाही, असं काहीतरी तिला त्या वयात वाटायचं. नेमकं काय, ते आजही सांगता आलं नसतं.

तिनं संगणकावरची ती अकरा मिनिटांची ओळ पुन्हा उघडली. तिच्या शेवटी, बाकीच्यांपासून जरा लांब, एक लहानसा तुकडा होता, पाऊण सेकंदाचा. त्याला तिनं नाव दिलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात असाच हात चालला होता, भुंगी झोपली होती, आणि 'भुंकतंय' मधला 'भुं' आणि 'तू जरा मागे' मधला 'गे' तिनं उचलून एकमेकांशेजारी ठेवले होते. सांधा घासून गुळगुळीत केला. इतका, की त्यावरून नख फिरवलं तरी लागणार नाही. या बाबतीत तिला आपल्या हाताची खात्री होती. मग हेडफोन लावून एकदाच ऐकलं. भुंगे. बाबांच्या भरल्या, धडधाकट आवाजात. अंगावर काटा आला होता, आनंदाचा की कसला ते बघायला ती थांबली नाही. कुत्र्यावरचा वैताग आणि आईला मागे सरकवणं, यांतून नातीला मारलेली हाक तयार झाली होती, आणि ती खरी वाटत होती, हीच तर गंमत. तुकडा तिनं पुसला नाही. ऐकलाही नाही पुन्हा. आत चादर सळसळली आणि तिनं फोन उचलून आईला लावला.

"आई, तो जुना रेकॉर्डर आहे ना अजून?"

"कुठला?"

"डीव्हीडीचा. बाबांचा."

"तो होय! तो कुठे जातोय. मी दहा वेळा म्हटलं काढून टाका, जागा अडते. ऐकतील तर शपथ. कपाटात खाली आहे, चादरीत गुंडाळून. बाळंतिणीसारखा."

"आणि रिमोट?"

"त्याच्याच पोटावर बांधलाय. बॅटऱ्या काढून, वेगळ्या पुडीत. पुडीवर लिहिलंय 'बॅटऱ्या'. का गं? मिळाला का आवाज?"

"मिळेल. उद्या दुपारी येते. भुंगीला घेऊनच येते, झोपली नाही तर नाही."

"अगं, पण त्यांना विचारलंस का तू?"

"काय?"

"काही नाही. ये उद्या."

दुसऱ्या दिवशी दोन चौक चालत जाताना, एका हातात भुंगीचा हात आणि दुसऱ्या हातात वायरींची पिशवी, तिला ते 'विचारलंस का' बुटात खडा जावा तसं टोचत होतं. थांबून बूट झटकायला वेळ नसतो, म्हणून माणूस चालतच राहतो. बाबांना विचारायचं काय त्यात? आवाज त्यांचाच. पाटी घेऊन बसलेल्या माणसाला कुणी बोलायला दिलं तर तो नको कशाला म्हणेल? पण रुग्णालयात ते खिडकीकडे बघत होते. खिडकीत काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. "आई, तू हात जोरात दाबतेयस," भुंगी म्हणाली.

रेकॉर्डर चादरीतून निघाला तो नव्यासारखा. रिमोटमध्ये बॅटऱ्या घातल्या, रेकॉर्डर टीव्हीला जोडला, वरचा हिरवा दिवा लागला आणि आईनं "बघ, जिवंत आहे" असा चेहरा केला. पण ट्रे काही उघडेना. बटण दाबलं की आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मग गप्प. तिनं पुन्हा दाबलं, परत दाबलं. तेवढ्यात मागून टक्टक् झालं. बाबा. त्यांनी तिचा हात बाजूला केला, आतल्या खोलीत जाऊन पेचकस आणि रबराच्या कड्यांची डबी आणली ('रबरं' अशी चिठ्ठी लावलेली), वीज बंद करायला लावली आणि रेकॉर्डरची पाठ उघडून बसले. भुंगी गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून बघत होती. आत एक सैल पडलेला काळा पट्टा होता, बांगडीएवढा. त्यांनी तो काढून तिच्या हातावर ठेवला आणि डबीतून मापाचं रबर शोधून चढवलं. ओठ हलले. आवाज नव्हता, पण त्यांच्या मुलीला ते वाचता आलं. दार म्हणजे दार, लिफ्टचं काय आणि याचं काय. निदान तिला तसं वाटलं. त्यांना हेच म्हणायचं होतं का, हे विचारावं असं मनात येईतो ट्रे सर्रकन बाहेर आला आणि भुंगीनं टाळ्या वाजवल्या.

टीव्हीवर आधी निळा रंग, मग एक खुर्ची. मग कॅमेऱ्याच्या मागून एक माणूस चालत आला आणि खुर्चीत ताठ बसला. मिशी काळी, बाह्या इस्त्रीच्या. तिच्या पायाशी, रेकॉर्डरला वायरीनं जोडलेल्या लॅपटॉपवर आवाजाची हिरवी रेघ सरळ पडून होती. ती थरथरली.

"नमस्कार," बाबा म्हणाले. "विद्यार्थिनी स्वयंपाकघरातून आली आहे, असं मी धरून चालतो."

"अगं बाई," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"हे यंत्र कसं चालवायचं ते मी आज सांगणार आहे. सावकाश सांगीन. मी रात्रपाळीला असलो की हिची मालिका बुडते आणि मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही. तर मी नसलो म्हणून कुणाचं अडायला नको. पहिली गोष्ट. घाई करायची नाही. लिफ्टचं बटण दहा वेळा दाबलं म्हणून लिफ्ट दहापट लवकर येत नाही."

पूर्ण वाक्यं. शांत आवाज. मागे गोंगाट नाही. ती हिरवी रेघ लाटेसारखी चढत होती, उतरत होती, आणि तिच्यातली धंद्यातली बाई डोळे न हलवता मोजत होती, पाच मिनिटं, बारा, एकोणीस, तर दुसरी कुणीतरी गार जाळीला कान लावून उभी होती. तो आवाज खोलीभर झाला. आई मधेच म्हणाली, "मी पाहिलं होतं हे थोडंसं, पाच मिनिटं. मग कुणाचातरी फोन आला. हे घरात असताना मला कशाला पाहिजेत बटणं?" भुंगी टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली होती. एकदा टीव्हीतल्या माणसाकडे बघायची, एकदा मागे वळून खुर्चीतल्या माणसाकडे. खुर्चीतला माणूस टीव्हीकडे बघतच नव्हता. तो भुंगीकडे बघत होता. बोट टेबलावर होतं, पण वाजत नव्हतं.

"शेवटची गोष्ट," टीव्हीतले बाबा म्हणाले, "आणि सगळ्यांत महत्त्वाची. डिस्क भरून झाली की फायनलाइज करायला विसरायचं नाही. नाहीतर ही दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालणार नाही आणि केलेली मेहनत वाया. आता हीच डिस्क मी मुद्दाम तशीच ठेवतो आहे. ती तू कर. हा तुझा गृहपाठ. नमस्कार." तो माणूस उठला, कॅमेऱ्याकडे चालत आला, सदऱ्याच्या गुंडीनं सगळं चित्र व्यापलं, आणि निळा रंग.

चौतीस मिनिटं. तिनं फाइल दोन ठिकाणी उतरवली, सुरुवात तपासली, मध्य तपासला, शेवट तपासला. होतं. सगळं होतं. सोळा वर्षं न केलेला गृहपाठ, म्हणून संगणकाला कोरी वाटलेली डिस्क. ती मोठ्यानं हसली असती, पण खोली कशी भांडं घासून पालथं घातल्यासारखी झाली होती. ती बाबांच्या खुर्चीशी खाली बसली.

"बाबा, मी तुम्हाला विचारलंच नाही. मी आपली परस्पर बाईंना हो म्हणून आले." त्यांनी खाली बघितलं. "हे मी त्यांना दिलं, तर यंत्र तुमच्या या आवाजात बोलेल. तुम्ही लिहाल ते. पण तुम्हाला नको असेल तर नको. मला नुसतं... मी तेव्हा सोमवारी यायची होते ना."

बाबांनी हात पुढे करून भुंगीकडून पाटी मागितली. भुंगीनं मांजर पुसू नका अशी ताकीद देऊन दिली. त्यांनी मांजराच्या शेपटीखाली, उरलेल्या जागेत, उभट अक्षरांत लिहिलं, आणि पाटी तिला नाही, आईला दाखवली. 'आधी गृहपाठ.'

"इश्श, या वयात!" आई म्हणाली, पण रिमोट घेतला. चष्मा लावला. एकेक बटण वाचत वाचत, बोट हवेत धरून, टीव्हीत सांगितलं होतं तसं, घाई न करता ती तिथवर पोचली. स्क्रीनवर सूचना आली. यानंतर या डिस्कवर नवीन काहीही भरता येणार नाही. चालेल का? आईचं बोट थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, त्याचा आवाज आला. डिस्कच्या पाठीवरचा तो फिकट राहिलेला भाग मुलीच्या डोळ्यांपुढे आला, मोकळा, अजून पंचवीसेक मिनिटांचा.

टक्.

आईनं बटण दाबलं. एक पांढरी पट्टी उमटली आणि डावीकडून मुंगीच्या पावलानं भरायला लागली. बाबांनी मान मागे टेकली. ते हो नेमकं कशाला होतं, डिस्कला की तिनं यंत्राबद्दल विचारलं त्याला, असं मुलीच्या मनात येऊन गेलं, पण टक् एकदाच झालं होतं आणि ते दोन्हीला पुरण्याएवढं ठसठशीत होतं. तिला खात्री वाटली. लॅपटॉप मांडीवर उघडाच होता. चौतीस मिनिटांच्या लांबलचक रेघेखाली तो पाऊण सेकंदाचा बिननावाचा तुकडा दिसत होता.

भुंगी टीव्हीपाशी गेली, तिनं पांढऱ्या पट्टीवर तळवा ठेवला, मग मागे वाकून टीव्हीच्या पाठीमागे बघितलं.

"आई, ते बोलणारे आजोबा कुठे गेले?"

"आत आहेत, त्या डिस्कमध्ये. आणि आता माझ्याकडेपण आहेत."

"झोपले?"

"हो, म्हण की झोपले."

"परत येणार?"

"येणार. थोडे दिवस लागतील, पण येणार. मग आजोबा पाटीवर लिहितील आणि ते बोलतील."

भुंगीनं खुर्चीतल्या आजोबांकडे पाहिलं. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर होतं. ती आईजवळ आली, मांडीवरच्या लॅपटॉपवर हनुवटी टेकून तिनं त्या हिरव्या रेघा निरखल्या, मोठ्या रेघेवरून बोट फिरवत आणलं, खालच्या एवढ्याशा तुकड्यापाशी थांबवलं, आणि वर बघून विचारलं,

"ते आले ना, की त्यांना मी माहीत असेन?"